शाळेच्या गळक्या स्लॅबसाठी सरकारी निधी: अर्जाआधीची आणि नंतरची कामं

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते. शहापूर, मुरबाड, भिवंडी या तालुक्यांतल्या शाळांच्या गच्च्यांवर चढण्यात नोकरी गेली, निवृत्तीनंतर कळव्यात राहते. अजूनही लग्नकार्यात, भाजीच्या रांगेत कुणीतरी गाठतं. "मॅडम, आमच्या शाळेचा स्लॅब पडायला आलाय, अर्ज दिला, पण काही होत नाही." अर्ज बघायला मागितला की बहुतेक वेळा तोच मजकूर असतो: शाळेची दुरवस्था झाली आहे, विद्यार्थ्यांच्या जिवाला धोका आहे, तरी त्वरित दुरुस्ती करावी ही नम्र विनंती. खाली कागदभर सह्या.

टेबलाच्या पलीकडे बसून असा अर्ज हातात आला की त्याचं काय करायचं ते समजत नाही. किती खोल्या, काय बिघडलंय, इमारत कुणाच्या मालकीची, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबाच्या कोणत्या सदरात, टाकायचा, यातल्या एकाचंही उत्तर त्यात नसतं. मग त्यावर "योग्य त्या कार्यवाहीस्तव" असा शेरा पडतो, कागद खाली जातो, आणि खालचा माणूस तो अहवालासाठी पुन्हा आणखी खाली पाठवतो.

निधी अजिबातच नसतो असं नाही. आर्थिक वर्ष संपत आलं की कुठल्या तरी कामाचा पैसा अडकून पडलेला असतो आणि तो दुसरीकडे वळवायची घाई सुरू होते. त्या घाईत ज्या शाळेच्या कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक फाइलमध्ये तयार आहे, तिचंच नाव यादीत चढतं. सर्वांत मोडकळीस आलेल्या शाळेचं चढेल असं नाही. हे मला कधीच पटलं नाही, पण चालतं असंच. म्हणून पैसा मागायच्या आधी प्रस्ताव तयार करायचा.

इमारत कुणाची?

ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ठाणे महापालिका १९८२ मध्ये झाली, नवी मुंबई महापालिका १९९२ पासून कारभार बघते. त्याआधी या गावांतल्या शाळा जिल्हा परिषदेकडे होत्या. शाळा पालिकेकडे आली पण जमिनीचा कागद जुन्याच नावावर राहिला, असं अजूनही सापडतं. नवी मुंबईत सिडकोच्या भूखंडावरची शाळा निराळी आणि गावठाणातली निराळी. कल्याण-शीळ पट्ट्यातली काही गावं तर महापालिकेत गेली, बाहेर पडली, परत आत आली. तिथं आधी विचारा की आज या शाळेच्या शिक्षकांचा पगार कोण काढतं आणि इमारत कुणाच्या मालमत्ता नोंदवहीत आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आली, तर तो घोळ मिटेपर्यंत कुणीही पैसा टाकणार नाही.

गावात असाल तर जमिनीचा सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा, शहरात असाल तर मिळकत पत्रिका. सोबत इमारत कोणत्या वर्षी आणि कोणत्या योजनेतून बांधली तेही शाळेच्या कागदांत शोधा. खासगी अनुदानित शाळेचा स्लॅब ही संस्थेची जबाबदारी, ती वाट निराळी. शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, त्यांचा अर्ज शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात. या दोन्हींबद्दल इथे लिहीत नाही.

गच्चीवर चढा

आणि पाऊस चालू असताना चढा, जुलै-ऑगस्टमध्ये, मुख्याध्यापकांना सोबत घेऊन. मे महिन्यात गच्ची ठणठणीत कोरडी असते आणि सगळं बरं दिसतं. साहेबांची पाहणी नेमकी मे महिन्यात होते, म्हणून पावसातले फोटो तुमच्याकडे हवेत.

वर गेल्यावर पहिलं बघायचं ते पाणी कुठे साचतं आणि ते बाहेर काढणारे पाईप मोकळे आहेत का. पाईपच्या तोंडाशी पाला, टेनिसचे चेंडू, एखादी चप्पल हमखास अडकलेली असते. महिनोन्महिने पाणी तुंबून स्लॅब पिऊन जातो आणि मग आपण म्हणतो बांधकाम निकृष्ट. कठड्याच्या सांध्यात पिंपळ उगवलाय का तेही बघा. तो नुसता कापून भागत नाही, मुळं आत जिवंत राहतात.

मग गच्चीवरचा कोबा, म्हणजे पाणी अडवायला स्लॅबवर घातलेला थर. जुन्या शाळांत प्रत्येक दुरुस्तीला आधीच्या कोब्यावर नवा थर दिलेला असतो. ते सगळं वजन त्या म्हाताऱ्या स्लॅबवर येतं. कठड्याची आतली उंची मोजा. ती मूळ नकाशापेक्षा बरीच कमी भरली तर वर थर चढलेत हे नक्की. अशा ठिकाणी जुना कोबा काढून टाकण्याची बाब अंदाजपत्रकात असलीच पाहिजे. ती खर्चिक आणि कटकटीची असते, म्हणून गाळली जाते.

खाली वर्गात या. मुलांना बाहेर काढा, डोक्यावर हेल्मेट घाला आणि लांब दांड्यानं छताला ठोकत जा. जिथे पोकळ वाजतं तिथे प्लास्टर सुटलेलं आहे, आज ना उद्या पडणार. खडूनं त्याभोवती रेघ मारा आणि मग फोटो काढा. नुसत्या छताच्या फोटोवरून काही कळत नाही. खडूची रेघ आणि शेजारी धरलेली मोजपट्टी दिसली की कार्यालयात बसलेल्या माणसालाही क्षेत्रफळ काढता येतं.

तडे सगळे सारखे नसतात. प्लास्टरवरच्या केसासारख्या रेषा फार महत्त्वाच्या नाहीत. सळईच्या रेषेत सरळ जाणारा, तपकिरी डाग पडलेला तडा म्हणजे आतली सळई गंजली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट ढकलून पाडतो. कळवा, विटावा, ऐरोली, दिवाळे, सारसोळे अशा खाडीलगतच्या भागात हवेतल्या खारामुळे हे लवकर होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका चढणारा तडा पाया खचल्याचा असू शकतो. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख घाला. दोन महिन्यांनी तडा खुणेच्या पुढे गेला असेल तर ही माहिती अर्जातल्या कुठल्याही विशेषणापेक्षा वजनदार ठरते.

मुरबाड-शहापूरकडच्या कौलारू शाळांत कौलांपेक्षा कैच्या, म्हणजे छताचा भार घेणाऱ्या लाकडी तिकोनी चौकटी, बघा. माकडांनी कौलं फोडली हे खरंच असतं, पण कौलं बदलणं स्वस्त. कैचीची टोकं भिंतीत जिथे टेकतात तिथे ओल राहते आणि वाळवी तिथूनच शिरते. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर ते छत म्हणजे मोठं काम आहे.

एवढं बघितल्यावर तुम्हाला ठरवता येईल की काम किरकोळ दुरुस्तीचं आहे, विशेष दुरुस्तीचं आहे की खोली निर्लेखित करण्याजोगी झाली आहे. निर्लेखन म्हणजे ती खोली वापरास अयोग्य ठरवून सरकारी नोंदीतून काढणं आणि पाडायला परवानगी देणं. इथे पुष्कळ गावं अडकतात. पाडण्यालायक खोलीसाठी वर्षानुवर्षं दुरुस्ती मागत बसतात. अभियंता दुरुस्तीची शिफारस करत नाही, आणि जुनी खोली कागदावर उभी आहे तोवर तिच्या जागी नवी मंजूर होत नाही. अशा वेळी निर्लेखनाचा प्रस्ताव आणि नव्या वर्गखोलीची मागणी एकाच दिवशी द्या.

महापालिका हद्दीत इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर तिचं संरचनात्मक परीक्षण, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करणं महापालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार मालकाचं काम आहे. इथे मालक म्हणजे खुद्द पालिका. म्हणून पत्रात हे कलम लिहून ऑडिटचा अहवाल मागा. अहवालात वर्गवारी असते: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२ ए आली तर मुलं कुठे बसवणार हे प्रस्तावातच लिहा. समाजमंदिर, शेजारची शाळा, दोन सत्रं, काहीही, पण लिहा. पर्यायी व्यवस्था नाही या एका ओळीवर फाइली थांबतात.

आणखी एक. मुख्याध्यापक दरवर्षी यू-डायसमध्ये, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदीत, शाळेची माहिती भरतात, संदर्भ दिनांक ३० सप्टेंबर. त्यात किती खोल्या चांगल्या, किती किरकोळ आणि किती मोठ्या दुरुस्तीच्या, असे रकाने आहेत. गेल्या वर्षीचे आकडे तसेच उतरवले गेले आणि सगळ्या खोल्या "चांगल्या" निघाल्या, तर समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेच्या आराखड्यात तुमची शाळा येणार कशी? सप्टेंबरमध्ये मुख्याध्यापकांजवळ बसून तो रकाना बघून घ्या.

पैसा कुठकुठे असतो

सर्वांत जवळचा पैसा शाळेच्याच खात्यात येतो: समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान. योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. यात स्लॅब होत नाही. पण गच्चीचे पाईप, पन्हाळ, फुटकी कौलं, लोंबकळणारी वायर ही कामं यातूनच पावसाआधी उरकली, तर पुढची मोठी दुरुस्ती काही वर्षं लांबते. या पैशातून आधी भिंती रंगवायचा मोह होतो. मला रंगाचं वावडं नाही, पण गळक्या छताखाली काढलेली कार्टूनं पहिल्या पावसाळ्यात ओघळतात.

दुसरी जागा ग्रामपंचायत. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवला आणि ४० टक्के अबंधित. आयोग बदलला की वाटणी बदलू शकते, तेव्हा चालू वर्षाचं ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. यातून शिकण्यासारखं एवढंच की शाळेचं शौचालय आणि पिण्याचं पाणी यांची मागणी छताच्या मागणीपासून वेगळी काढावी. शौचालयाला बंधित निधी चालतो, छताला अबंधित. दोन्ही एका अर्जात कोंबले की मोठ्या खर्चापायी लहान कामही रखडतं. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात, "आमचं गाव, आमचा विकास"मध्ये, यायला हवं, आणि त्याची जागा ग्रामसभा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला शाळेतल्या मुलांच्या आयांना घेऊन जा, ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का ते तिथेच बघा आणि नक्कल मागून घ्या.

मोठ्या कामाचा मुख्य स्रोत जिल्हा वार्षिक योजना. ती जिल्हा नियोजन समिती ठरवते, पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. प्राथमिक शाळांच्या विशेष दुरुस्तीला आणि नव्या वर्गखोल्यांना त्यात निधी ठेवला जातो. पण तुम्ही थेट समितीकडे जाऊन उपयोग नाही. मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुख, तिथून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक), अशी शाळांची यादी वर जाते. समांतर, बांधकाम उपविभागाचा अभियंता येऊन मोजमाप घेतो आणि राज्याच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. प्रशासकीय मान्यता (खर्चाला), तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला), निविदा, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा) हे त्यानंतर. पाठपुरावा करायचा तो उपविभागात, कारण अंदाजपत्रक तिथे बनतं. शिक्षण विभागात खेटे घालणारे पालक मी पुष्कळ पाहिले, उपविभागात येऊन "आमच्या शाळेचं मोजमाप कधी?" असं विचारणारे फार थोडे. याशिवाय जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस निधी असतो. तो तुटपुंजा, पण तातडीच्या कामाला उपयोगी.

आमदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो आणि शाळेला मिळू शकतो. आमदारांचं शिफारसपत्र मिळालं म्हणजे पैसा मिळाला असं समजून पेढे वाटू नका. ते पत्र जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे जातं, अंदाजपत्रक जोडावं लागतं, मान्यता जिल्हाधिकाऱ्यांची लागते आणि काम कोणती यंत्रणा करणार ते ठरतं. खासदार निधीही वर्षाला ५ कोटी, पण त्यात दुरुस्तीबाबतचे नियम वेगळे आहेत, पत्र घेण्याआधी नियोजन कार्यालयात विचारून घ्या.

महापालिकेच्या शाळेला हे सगळं लागत नाही, तिथे पालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक, म्हणजे बजेट, हाच मुख्य रस्ता. आयुक्त ते साधारण फेब्रुवारीत मांडतात. म्हणजे तुमची मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिक्षण विभाग आणि अभियांत्रिकी विभाग या दोघांकडेही पोचायला हवी. जानेवारीत दिलेलं पत्र पुढच्या वर्षाचं. बारीकसारीक डागडुजी प्रभाग समिती किंवा विभाग कार्यालयाच्या अभियंत्याकडून होते.

एक काळजी घ्या. एकच काम दोन ठिकाणी मागायला हरकत नाही, पण एकीकडे मंजूर होताच दुसरीकडे लेखी कळवा. प्रत्येक यंत्रणा "हे काम अन्य योजनेतून मंजूर नाही" असा दाखला मागते. काम दुबार दिसलं की लेखापरीक्षक आक्षेप घेतात आणि मग दोन्हीकडचे पैसे थांबतात.

पत्र कसं लिहायचं

पत्र शाळा व्यवस्थापन समितीच्या नावानं द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार ही समिती प्रत्येक सरकारी शाळेत असते, तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा करणं हे तिचं काम आहे. त्या आराखड्यात दुरुस्ती असली की तुमचं पत्र हे कायद्यानं नेमलेल्या समितीचं मागणीपत्र होतं. मजकूर साधारण असा:

"समितीच्या दि. … च्या सभेतील ठराव क्र. … नुसार कळवण्यात येते की, शाळेतील इयत्ता ३ रीची खोली (६.१० × ७.६० मीटर) हिच्या स्लॅबचे अंदाजे ९ चौरस मीटर भागातील प्लास्टर निखळले असून सळया उघड्या पडल्या आहेत. खोली दि. … पासून बंद केली असून ३१ विद्यार्थी व्हरांड्यात बसतात. इमारत सन … मध्ये … योजनेतून बांधलेली आहे. यापूर्वीची दुरुस्ती सन … मध्ये झाली. कृपया स्थळपाहणी करून विशेष दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार करावे व पाहणीचा दिनांक समितीस कळवावा. सोबत: ठरावाची प्रत, मालकीचा उतारा, मोजमापासह छायाचित्रे, यू-डायस नोंदीची प्रत."

आकडे अर्थात तुमच्या शाळेचे. मागणी निधीची नाही, पाहणीची आणि अंदाजपत्रकाची आहे, हे लक्षात आलं असेल. निधी द्या म्हटलं तर "उपलब्ध नाही" असं उत्तर देता येतं. पाहणीला या म्हटलं तर कुणालातरी यावंच लागतं. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. महिनाभर काही हाललं नाही तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात त्याच आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली ते विचारा, उत्तराची मुदत ३० दिवस. भांडखोर भाषा नको. बहुतेक वेळा कनिष्ठ अभियंत्याकडे डझनावारी शाळा असतात आणि एकच मोटारसायकल.

खोली धोकादायक वाटली तर मंजुरीची वाट न बघता ती बंद करा आणि तसं लेखी कळवा. निधी येईल तेव्हा येईल.

काम सुरू झाल्यावर

निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आत कार्यारंभ आदेश निघून जागेवर काम सुरू झालं पाहिजे, नंतर नवं काम सुरू करता येत नाही. आदेश निघाला की अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. त्यातल्या बाबी वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. स्लॅबच्या कामात सुटं काँक्रीट फोडणं, सळई तारेच्या ब्रशनं घासून गंज काढणं, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर, आणि त्यावर पाणी मारणं, हा क्रम आहे. गंज तसाच ठेवून वरून प्लास्टर थापलं तर ते दोन पावसाळ्यांत पुन्हा खाली येतं, तेही आधीपेक्षा मोठ्या तुकड्यात. सळई साफ झाली की झाकायच्या आधी फोटो काढा, एकदा मॉर्टर चढलं की कुणालाच काही सिद्ध करता येत नाही. सळई फारच बारीक झाली असेल तर जोड सळई टाकायची का, हे अभियंत्याला त्याच वेळी विचारा. गच्चीचं जलरोधक काम झालं की पाईपांची तोंडं बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवायला लावा आणि खालून छत बघा.

ठेकेदाराचं बिल मोजमाप पुस्तिकेवरून निघतं. तिची नक्कल माहितीच्या अधिकारात मिळते. त्याच कायद्यात काम पाहण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. एवढं नुसतं माहीत आहे असं बोलण्यात येऊ द्या, बरंचसं काम आपोआप नीट होतं.

काम पूर्ण झाल्यावर दोष दायित्वाचा कालावधी सुरू होतो. तो किती ते निविदेत लिहिलेलं असतं आणि तोवर ठेकेदाराची अनामत रक्कम यंत्रणेकडे असते. या काळात गळालं तर त्यानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं असतं. म्हणून मुदत संपायच्या आधीच्या पावसाळ्यात पुन्हा गच्चीवर चढा, खडू आणि मोजपट्टी घेऊन, आणि जे दिसेल ते अनामत परत जाण्याआधी उपअभियंत्यांना लेखी द्या. सगळ्या कागदांचा एक संच समितीच्या अध्यक्षांकडे ठेवा. मुख्याध्यापकांची बदली होते, अभियंत्याचीही होते, आणि नव्या माणसाला फाइल सापडत नाही.